लामाराची पाटी

ओझुर्गेतीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
पाच जुने कॉम्प्युटर आणि एक हीटर,
जो गुरुवारीच बिघडतो.
आज गुरुवार. लामारा कोट न काढताच बसली आहे.
वय एकोणसत्तर. चहाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
तिनं हिरवी पानं जोखली.
मग कारखाना मिटला, काटा भंगारात गेला,
अंदाज तेवढा हातात राहिला.
माझी बॅग उचलून म्हणते, "साडेचार किलो.
काय भरलंयस एवढं, नोदार?"

आता गल्लीतल्या तीस घरांचे हेझलनट
तिच्या अंगणात वाळतात. कोणाचे किती,
यावरून दरवर्षी भांडणं.
म्हणून ती इथं.

मी फळ्यावर लिहितो: वजन = ०
"हा चल. व्हेरिएबल. डबा समज,
वर नावाची चिठ्ठी, आत किंमत."
"डब्यात वर अक्रोड राहतात, खाली सुई. यात?"
"एकच काहीतरी. नवं घातलं की जुनं गेलं."
"मग डबा कशाला म्हणतोस?
पाटी आहे ही."

सहा वर्षं शिकवतोय.
डबाच म्हणत आलो.

पुढची ओळ: वजन = वजन + १२
तिनं पेन्सिल खाली ठेवली.
"हे खोटं आहे. कुठलीच वस्तू
स्वतःपेक्षा बारानं जास्त नसते.
माणसं असतात. ती डायरेक्टर होतात."

मी म्हणालो, ही खूण बरोबरीची नव्हे,
हा हुकूम आहे, आणि तो उजवीकडून वाचायचा:
आधी पाटीवर काय आहे ते बघ,
त्यात बारा मिळव,
पूस,
आणि मग त्याच नावाखाली लिही.

तिनं डोळे मिटले. हात हवेत हलला,
बघणं, मिळवणं, बाहीनं पुसणं, लिहिणं.
"हे तर मी दिवसातून दोनशे वेळा करायचे.
संध्याकाळी उजवी बाही पीठ सांडल्यासारखी."

मग तिनं वजनाऐवजी वजण टाइप केलं
आणि मशीन म्हणालं, असं कोणी माहीत नाही.
"तलाठ्यासारखं बोलतंय," मी म्हणालो असतो
तिला तलाठी माहीत असता तर.
ती म्हणाली, "पासपोर्टच्या खिडकीसारखं."

मग अवतरणचिन्हं. बारा अवतरणात,
आणखी बारा अवतरणात, मध्ये अधिक.
पडद्यावर: १२१२.
"बाराशे बारा किलो! एका बाईनं? एका सकाळी?"
ती हसली, हसता हसता थांबली.
"ही चूक आमच्याकडे दर सप्टेंबरात व्हायची.
चिन्हांशिवायच.
आकडा वरून यायचा, पानं खालून,
मी मध्ये. ओल्या पानांतलं पाणीसुद्धा
मी 'वजन' म्हणून लिहिलंय.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.
तुझ्या मशीनला कळतं का, आत काय आहे ते?"

नाही कळत.
तू नाव देशील ते नाव,
तू ठेवशील ती किंमत.
संख्या की अक्षरं, एवढं बघेल.
खरं की खोटं, ते त्याचं काम नाही.

ती बराच वेळ कीबोर्डवर बोटं ठेवून बसली.
"आणि पुसलेलं कुठे जातं?"
"कुठेच नाही. हवं असेल तर पुसण्याआधी
दुसऱ्या नावावर उतरवून ठेवायचं."
"हे आधी सांगायला हवं होतंस,"
ती म्हणाली, आणि मला वाटलं
ती मला नाही म्हणत.

साडेसातला सगळे उठले.
तिचा प्रोग्रॅम चालत होता, तीस घरं, तीस वजनं.
वर अगदी पहिल्या ओळीत, एकटी:
नाझिब्रोला = ४१

"ही कुठे वापरलीच नाहीस," मी म्हणालो.
"माझ्या काट्यावरची शेवटची बाई.
एक्केचाळीस किलो, आणि कोरडी पानं.
मी सदतीस लिहिले होते."
तिनं मफलर गुंडाळला.
"असू दे ना. बिघडतं का काही?"

नाही. चालतं.